पिंजऱ्यात एकटीच

पाचाडला आलेल्या माणसाला दोन आया भेटतात. एक जिजाऊ. रायगडावर ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला, दोन आठवड्यांच्या आतच, गडाखालच्या पाचाडच्या वाड्यात त्यांनी देह ठेवला. समाधी इथंच आहे. दुसरी हिरकणी. दूध घालायला गडावर गेलेली गवळण. दिवस मावळला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, म्हणून ती अंधारात कडा उतरून आली. ही लोककथा आहे, पण तिच्या नावाचा बुरूज वर आहे, खाली हिरकणीवाडी आहे आणि एसटीच्या स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते तिलाही हिरकणी कक्ष म्हणतात.

गोष्ट नीट ऐकली तर हिरकणीनं राजाचा हुकूम मोडला होता. दरवाजा बंद झाल्यावर गडावरून कुणी उतरायचं नाही, हा नियम. तिला शिक्षा झाली नाही, उलट साडीचोळी मिळाली, कारण ती आई होती. त्याच गडाच्या दुसऱ्या टोकाला टकमक टोक आहे. तिथून गुन्हेगारांचा कडेलोट करत, असं सांगतात. एक कडा उतरलेल्या आईसाठी, एक ढकललेल्या अपराध्यांसाठी. या दोन कड्यांच्या मधल्या बाईची गोष्ट मात्र कुठलाही वाटाड्या सांगत नाही. मूल पोटात आहे हे लपवणारी, एकटीनं बाळंत होणारी, मूल टाकून देणारी, कधी त्याचा जीव घेणारी बाई. हिरकणीला उतरून जायला घर होतं. हिचं घरच हिच्या भीतीचं कारण असतं. महाराष्ट्रात तरुण बाईच्या हातून होणाऱ्या गुन्ह्याचा माग काढायचा तर सुरुवात हिच्यापासून करावी लागते, कारण बाईचा म्हणून ओळखला गेलेला असा जुना गुन्हा दुसरा नाही. आणि त्यामागे घर आणि समाज किती होते हे इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याबाबत सांगितलंही गेलेलं नाही.

शिवकाळातला एक कागद प्रसिद्ध आहे. रांझे गावच्या पाटलानं बदअमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडल्याची नोंद असलेलं २८ जानेवारी १६४६ चं पत्र. तिथं शिक्षा पुरुषाला, तीही अधिकारी पुरुषाला. पुढच्या शतकात, पेशवाईच्या कागदांत, हे चित्र बदललेलं दिसतं. व्यभिचार शाबीत झालेली बाई अनेकदा सरकारची कुणबीण होई. तिला किल्ल्यावर, कोठीवर, पागेत कामाला लावत, विकतही. हिरोशी फुकाझावा आणि सुमित गुहा या इतिहासकारांनी या दासींबद्दल आणि त्या काळच्या शिक्षांबद्दल लिहिलं आहे. त्यातून कळतं ते असं की राज्याला फुकट राबणारे हात मिळत आणि घराला डाग पुसल्याचं समाधान. शिक्षा जातीप्रमाणे बदले. ब्राह्मण बाईच्या वाट्याला बहिष्कार आणि प्रायश्चित्त येई, तर खालच्या जातीतल्या बाईच्या वाट्याला राबणूक. पुरुष पुष्कळदा दंड भरून मोकळा होई. बाईचं वागणं ही घराची, जातीची आणि सरकारची सामाईक मालमत्ता होती, आणि ती बिघडली की वसुली तिच्या एकटीच्या अंगावरून होई.

१० मे १८१८ ला रायगड इंग्रजांनी घेतला. कुणबिणीची शिक्षा मागे पडली आणि नवा कायदा आला. हा नवा कायदा कुठून आला ते पाहण्यासारखं आहे.

१६२४ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटनं एक कायदा केला. अविवाहित बाईनं मूल जन्मल्याचं लपवलं आणि ते मेलेलं सापडलं, तर तिनंच मारलं असं धरून चालायचं. मूल मेलेलंच जन्माला आलं हे तिनं साक्षीदार आणून दाखवायचं. लपून बाळंत होणारीला साक्षीदार कुठून मिळणार? अठराव्या शतकात तिथल्या ज्युरींनाच हा कायदा जाचक वाटू लागला. कठड्यात उभ्या असत त्या बहुतेक मोलकरणी, आणि ज्युरी काहीतरी निमित्त काढून त्यांना सोडून देत. शेवटी १८०३ मध्ये तो रद्द झाला आणि खून शाबीत झाला नाही तर निदान जन्म लपवल्याबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद, अशी सोय झाली. १८६० च्या इंडियन पिनल कोडमध्ये ती कलम ३१८ म्हणून आली. तिथं बाईचं, तिच्या लग्नाचं नाव उरलं नाही, गुन्हा कुणाच्याही हातून होऊ शकतो असं झालं. पण शिक्षा तीच, दोन वर्षं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात हा गुन्हा कलम ९४ मध्ये आहे आणि शिक्षेचा आकडा अजूनही दोन वर्षंच आहे.

शेजारचं कलम ३१७ (आता ९३) मूल टाकून देण्याबद्दलचं. बारा वर्षांखालच्या मुलाला टाकणारे त्याचे बाप किंवा आई, किंवा त्याला सांभाळणारा कुणीही, सात वर्षांपर्यंत शिक्षेला पात्र. कायद्यानं बापाचं नाव आधी घेतलं आहे. पण झाडाखाली, देवळाच्या पायरीवर, नाल्याकाठी अर्भक सापडल्याची बातमी आली की पुढचं वाक्य ठरलेलं: पोलीस आईचा शोध घेत आहेत. दीडशेहून अधिक वर्षं कायद्यात लिहिलेला बाप बातमीत काही आलेला नाही.

गंमत म्हणजे घराचा विचार करायला कायदा शिकलाच नव्हता असं नाही. १८३७ मध्ये मेकॉलेच्या आयोगानं पिनल कोडचा पहिला मसुदा केला तेव्हा व्यभिचार हा फौजदारी गुन्हाच ठेवला नव्हता. टिपणात कारण दिलं होतं: इथल्या मुलीचं लग्न बालपणी लागतं, नवरा दुसऱ्या बायका करतो, तिच्याकडे दुर्लक्ष होतं, अशा बाईला कैदेत टाकणं न्यायाचं नाही. पुढे व्यभिचाराचं कलम ४९७ आलं, तरी बायकोला त्यातून वगळलं गेलं. ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रद्द केलं. म्हणजे जिचं वागणं नवऱ्याच्या मालकीहक्कात मोडत होतं तिच्या परिस्थितीकडे कायद्यानं पाहिलं, आणि बालपणीच नवरा मेला म्हणून जी अडकली तिच्याकडे पाहिलं नाही. इंग्लंडनं १९२२ मध्ये अर्भकहत्या हा खुनाहून वेगळा आणि सौम्य गुन्हा ठरवला, बाळंतपणानं बिघडलेल्या मनाची दखल घेऊन. १९३८ मध्ये ती तरतूद आणखी वाढवली. भारतात तसं वेगळं कलम कधीच आलं नाही. नव्या संहितेतही नाही.

पिनल कोड १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला आणि फार दिवस गेले नाहीत तोच पुण्यात काशीबाईचा खटला झाला. जोतीराव फुल्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला असलेली ही तरुण ब्राह्मण विधवा. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. पाडण्याचे उपाय केले, ते फसले. मूल झालं. ते मारून तिनं विहिरीत टाकलं, प्रेत सापडलं, काशीबाई पकडली गेली आणि जन्मठेपेवर अंदमानला गेली. शास्त्री खटल्यात कुठेच नाही. फुल्यांनी हे सारं ४ डिसेंबर १८८४ च्या पत्रात लिहिलं आहे. समाजसुधारक मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर काढलेल्या टिपणांसंबंधी सरकारला दिलेलं ते मत होतं. काशीबाईच्या खटल्यानंतर १८६३ मध्ये फुल्यांनी आपल्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि विधवांनी इथं येऊन गुपचूप बाळंत व्हावं, अशी जाहिरात भिंतींवर लावली.

या भिंतीवरच्या जाहिरातीजवळ जरा थांबायला हवं. फुले आणि सावित्रीबाई यांनी बाईला आधी काही विचारायचं नाही असं ठरवलं. कुणाची, कुणापासून, कोणत्या जातीची, हे नंतर. आधी मूल जिवंत राहू दे. पत्र लिहीपर्यंत पस्तीस विधवा तिथं बाळंत झाल्या होत्या. जगलेली मुलं पाच. बाकीची, येण्याआधी पाडण्यासाठी घेतलेल्या औषधांनी पोटातच इतकी दुखावली होती की ती टिकली नाहीत, असं फुले नोंदवतात. हा आकडा यशाचा म्हणून मिरवण्यासारखा नाही, आणि म्हणूनच तो खरा वाटतो. भिंतीवरची जाहिरात वाचून दाराशी पोचेपर्यंत बाईनं सगळे उपाय करून पाहिलेले असत. १८७४ मध्ये अशाच एका विधवेच्या पोटी जन्मलेला मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे डॉक्टर झाला. त्याच्या जन्मदात्या आईचंही नाव काशीबाई. एक काशीबाई काळ्या पाण्यावर गेली आणि दुसरीचा मुलगा डॉक्टर झाला. मधल्या अकरा वर्षांत दोघींच्या जातीचे नियम तेच राहिले होते, विधवेच्या वाट्याचं लाल लुगडं तेच राहिलं होतं. नवं होतं ते फक्त एक दार.

१८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या लोकांनी पंढरपूरला असंच गृह काढलं. तीर्थक्षेत्र निवडण्यामागे कारण उघड होतं. यात्रेच्या निमित्तानं घरातून बाहेर पडता येई, आणि नको असलेलं मूल किंवा नको असलेली विधवा सोडून येण्याची जागाही तीच होती. वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम म्हणून ती संस्था पुढे ओळखली गेली.

१८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली आणि पुढे पाच वर्षांवर. खटला गुजरातेतला, पण त्याचा आवाज मुंबई इलाख्याच्या सगळ्या वर्तमानपत्रांत उठला आणि बायकांच्या बिघडलेल्या नीतीवर लेखणी चालवायला सगळेच पुढे आले. त्याला उत्तर आलं ते वऱ्हाडातून. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ मध्ये पुण्यात छापली गेली. ताराबाईंचा मुद्दा फिरवून फिरवून एकच आहे: जी दुर्गुणांची यादी बायकांच्या नावे लावता ती पुरुषांना लावून बघा. पुस्तकाला शिव्याच जास्त मिळाल्या. पाठराखण केली ती फुल्यांनी, १८८५ च्या 'सत्सार'मध्ये. पद्मा अनगोल यांनी या काळातल्या मराठी मुलखातल्या अर्भकहत्येच्या खटल्यांवर लिहिलं आहे आणि बाई गुन्हेगार म्हणून सरकारी कागदांत कशी घडत गेली ते त्यात दिसतं.

हे घडणं गावापासून सुरू होई. मुंबई इलाख्यात १८६७ चा ग्रामपोलीस कायदा आला. संशयास्पद मृत्यू झाला की खबर देण्याची जबाबदारी पोलीस पाटलावर. पाटील गावचाच. कुणाच्या सुनेला कितवा महिना आहे, कुठली विधवा दोन महिने पाणवठ्यावर दिसली नाही, हे त्याला पोलिसांपेक्षा आधी कळे. मग सुईण तपासायला येई. मग सिव्हिल सर्जनकडे प्रेत जाई आणि तो फुप्फुस पाण्यात टाकून बघे: तरंगलं तर मुलानं श्वास घेतला होता, बुडालं तर मेलेलंच जन्मलं. कुजलेलं प्रेत असेल तर ही परीक्षा फसते हे डॉक्टरांना तेव्हाही माहीत होतं. बाईचा जीव मात्र त्या पाण्यावर तरंगत असे. या साखळीत घराला कुणी प्रश्न विचारला तर साक्षीदार म्हणून. हिला दिवस आहेत हे ठाऊक होतं का? नव्हतं, असं सासू म्हणे, दीर म्हणे. नऊ महिने एका छपराखाली राहून!

त्याच मुंबई इलाख्यात एक वेगळा खटला चालू होता. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं होतं. मोठी झाल्यावर तिनं दादाजी भिकाजीकडे नांदायला जायचं नाकारलं. मार्च १८८७ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं, महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती तुरुंग निवडते म्हणाली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. नांदायला न गेल्याबद्दल कैदेची तरतूद १९२३ मध्ये गेली. तोवर घर सोडलं तर तुरुंग आणि घरातल्या अन्यायाचं फळ लपवलं तर अंदमान, अशी परिस्थिती होती.

घर आरोपपत्रात आलं ते एकदाच, आणि उलट्या अर्थानं. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. मुंबई इलाख्यात तो लागू झाला १९११ च्या कायद्यानं. पारधी, भामटे, मांग-गारुडी, कैकाडी घरात जन्मलेली मुलगी गुन्हा न करताच हजेरीला बांधली गेली. या जमातींसाठीची सोलापूरची सेटलमेंट अजून त्या नावानंच ओळखली जाते. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचलं की कळतं, कायदा गेला तरी पोलिसाची नजर कशी राहिली. सवर्ण विधवेचं घर कोर्टात अदृश्य होतं आणि पारधणीचं घर हाच पुरावा होता. दोन्हीकडे बाईनं स्वतः काय भोगलं हे विचारायची गरज पडली नाही.

या सगळ्याचं कारण नेमकं सांगणारा माणूस पुढे पाचाडजवळच्या महाडलाच आला. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या आंबेडकरांनी जातींवर निबंध वाचला. जात म्हणजे आतल्या आत लग्न. ते टिकवायचं तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळायला हवी. नवरा मेला की बायको शिल्लक उरते. ही शिल्लक बाई जातीबाहेर जाऊ नये, जातीतल्या दुसरीचा वाटाही खाऊ नये, म्हणून एकतर तिला जाळा नाहीतर आयुष्यभर विधवा ठेवा. मग ज्या पुरुषाची बायको मेली त्याच्यासाठी लहान मुलगी आणा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांची मुळं त्यांनी कुणाच्या वाईट स्वभावात शोधली नाहीत, रचनेत शोधली. आता काशीबाईचा खटला पुन्हा वाचून पाहा. तिचा गुन्हा त्या हिशेबातली शिल्लक होता.

अकरा वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, चवदार तळ्याचं पाणी. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडच्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. परिषदेसाठी आलेल्या बायकांपुढे आंबेडकर वेगळे बोलले. महाडचा इतिहास आपण पाण्यापाशी थांबवतो आणि ते समजण्यासारखं आहे. पण जो ग्रंथ जाळला त्यात बाईनं बापाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या ताब्यात राहायचं असं लिहिलेलं होतं, हे विसरायला नको. पाचाडपासून महाड पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. रायगड पाहायला येणाऱ्या शंभरातले किती चवदार तळ्यावर थांबतात?

त्याच १९२७ च्या जुलैत मुंबईत र. धों. कर्वे यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक निघालं. जन्म याच कोकणातला, दापोलीजवळच्या मुरूडचा. वडील धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून मुरूडनं त्यांना वाळीत टाकलं होतं. मुलाला एक पाऊल पुढे जाऊन वाटलं की नको असलेलं मूल होऊच न देणं हा बाईचा हक्क आहे. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची वकिली केली ती आंबेडकरांनी, आणि खटला हरले. गर्भपात कायदेशीर व्हायला १९७१ उजाडावं लागलं. तोवर स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही पिनल कोडच्या कलम ३१२ खाली गुन्हेगारच होती.

महाड-पोलादपूरच्या मुलखाची एक निराळी तऱ्हा आहे. इथं विधवेइतकीच एकटी असते ती नवरा जिवंत असलेली बाई. १८५६ पासून मुंबईत गिरण्या निघाल्या आणि घाटाखालची गावं पुरुषांनी रिकामी होऊ लागली. मनीऑर्डर यायची, नवरा शिमग्याला आणि गणपतीला. घर चालवायची ती बायको, सासूच्या नजरेखाली. अशा घरात दिवस गेले की महिने मोजायला सगळी वाडी बसते. मूल कुणाचं, यावर गावात बैठक होते, आणि गावकीचा निर्णय मुंबईतल्या मंडळाच्या खोलीवर पक्का होतो. वाळीत टाकायचं की दंड घ्यायचा, हे तिथं ठरतं. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. गेल्या दशकात रायगड जिल्ह्यातून गावकीच्या बहिष्काराच्या तक्रारी एकापाठोपाठ एक बाहेर आल्या, आणि महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा होण्यामागे त्यांचा मोठा वाटा होता. वाळीत पडण्याची भीती ही काही कवीकल्पना नाही. दुकानदार मीठ देत नाही आणि मयताला चार माणसं येत नाहीत, इतकी ती साधी आणि पुरेशी आहे.

गुन्हेगार बाई म्हटलं की आजच्या मराठी वाचकाला हे काही आठवत नाही. आठवतात कोल्हापूरच्या गावित बहिणी. लहान मुलं पळवून, गर्दीत चोरी करताना त्यांची ढाल करून, मग त्यांना मारून टाकल्याचा तो खटला. १९९६ मध्ये अटक, २००१ मध्ये फाशीची शिक्षा, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, आणि दयेच्या अर्जाला झालेल्या दिरंगाईमुळे १८ जानेवारी २०२२ ला उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली. त्या क्रौर्याला कुठलीही सबब पुरणार नाही. तरीही त्या खटल्यातली पहिली आरोपी त्यांची आई होती आणि चोरीचा धंदा मुली तिच्याबरोबरच शिकल्या, हे तर नोंदलेलंच आहे. पण असा एक खटला शंभर साध्या खटल्यांवर पडदा टाकतो. भारतातल्या कैद्यांत बायका जेमतेम चार टक्के. १९८३ मध्ये पत्रकार शीला बरसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा बायकांशी बोलून त्यांतल्या पाचजणींना कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं बायकांच्या कोठडीवर बायकाच पहारेकरी हव्यात असा आदेश दिला. १९९० पासून टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' मुंबईत अशा बायकांबरोबर काम करतो आहे. बाई तुरुंगात गेली की तिला भेटायला येणारं माणूस कमी, जामीन राहणारं त्याहून कमी. नवऱ्यासाठी बायको अलिबागच्या हिराकोटातल्या तुरुंगाबाहेर दिवसभर बसते. बायकोसाठी बसलेला नवरा शोधावा लागतो.

आता या माळेतली आजची कडी. रायगडच्या कातकरी वाड्यांत दसऱ्यानंतर कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसा पाडायला जातात. मुलगी मागे एकटी ठेवता येत नाही म्हणून लग्न लवकर. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. त्यात वयाची रेषा अठरा. लग्न झालं असलं तरी ती बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलं. हेतू चांगला, आणि मला तो मोडीत काढायचा नाही. पण सतरा वर्षांची गरोदर मुलगी सरकारी दवाखान्यात नाव नोंदवायला गेली की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, मग नवरा आत. हे एकदा वाडीत घडलं की पुढची मुलगी दवाखान्यात जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपाताच्या संदर्भात म्हटलं की मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं तिचं नाव उघड करायची गरज नाही. हे किती आरोग्य केंद्रांपर्यंत पोचलं आहे?

हीच सतरा वर्षांची मुलगी लग्नाआधी गरोदर असेल, घरी कुणाला सांगू शकली नसेल, आणि एकटीनं बाळंत झाल्यावर मूल दगावलं, तर पोलीस ठाण्यात तिच्या नावाची दोन प्रकरणं होऊ शकतात. एकात ती पॉक्सोखालची पीडित. दुसऱ्यात ती विधिसंघर्षग्रस्त बालक, आणि खुनाचं कलम लागलं तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलीवर सज्ञान म्हणून खटला चालवायचा की नाही, याचाही विचार होऊ शकतो. पहिल्या प्रकरणात तिचं ऐकायचं. दुसऱ्यात तिला जाब विचारायचा. एकाच रात्रीबद्दल!

त्याच २०१५ च्या कायद्यात मात्र फुल्यांच्या भिंतीवरची जाहिरात आहे, कायद्याच्या भाषेत. कलम ३५: शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांनी, जी आईबापांच्या हाताबाहेर आहेत, मूल सांभाळता येत नसेल तर ते बालकल्याण समितीकडे सोपवता येतं. समिती आधी समजावते. मूल सोपवल्यावरही दोन महिने फेरविचाराला मिळतात. आई अविवाहित असेल तर तिची एकटीची सही पुरते. प्रक्रिया गुप्त ठेवायची असते. कलम ७५ च्या परंतुकात तर म्हटलं आहे की आईबापांनी मूल परिस्थितीमुळे टाकलं असं दिसलं तर ते हेतुपुरस्सर टाकलं असं मानायचं नाही. घर आणि समाज यांचा दाब गुन्ह्यामागे असतो, हे भारतीय कायद्यानं इतक्या उघडपणे मान्य केलं त्याला काशीबाईनंतर दीडशे वर्षं लागली. पण न्याय संहितेतली ९३ आणि ९४ ही कलमं पोलिसाला पाठ असतात, आणि कलम ३५ बहुतेक पोलीस पाटलांनी ऐकलेलंही नसतं. जाहिरात भिंतीवर लावायची असते, हे सरकार विसरलं.

म्हणून महाड, पोलादपूर, माणगाव, म्हसळ्याच्या आशाताईंना, अंगणवाडीताईंना, पोलीस पाटलांना आणि हे वाचणाऱ्या कुणालाही एक विनंती आहे. तुमच्या वाडीतली एखादी मुलगी अचानक सैल कपडे घालू लागली, कॉलेज सोडलं, पाणवठ्यावर येईनाशी झाली, तर ती कुणाची आणि कुणापासून हे विचारू नका. तिला एवढंच सांगा की मूल जिवंत असताना ते समितीकडे देता येतं, त्यासाठी गुन्हा दाखल होत नाही, आणि दोन महिन्यांत मन बदललं तर परतही घेता येतं. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लसीकरणाच्या तक्त्याशेजारी हे चार ओळींत मराठीत लिहून लावा. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे. फोन चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.